आमच्या हद्दीत नाही

“हे आमच्या हद्दीत नाही” असं पोलिसानं म्हटलं की मराठी माणसाचं डोकं सटकतं. रोहितचंही सटकलं, आणि तेही फ्रान्समध्ये.

त्याचं असं झालं. रोहितचे सासरे, म्हणजे पद्मजाचे आप्पा, साताऱ्याहून लेकीकडे आयर्लंडला आले होते. निवृत्त हवालदार. अंगानं ठणठणीत, पण बायको गेल्यापासून स्मरणशक्ती मधूनच दगा द्यायची. लेकीच्या घराजवळच्या रिंगास्किडी बंदरातून फ्रान्सला बोट जाते. ती बघून बघून आप्पांनी “एकदा बसू की हिच्यात” असा धोशा लावला. पद्मजाला औषधांच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून जावई घेऊन गेला. पलीकडच्या एका खेड्यात बाजार भरला होता. जावईबापू चीज चाखत उभे राहिले, आणि वळून बघतात तो आप्पा गायब. त्यांचा फोन गाडीत, पासपोर्ट जावयाच्या खिशात. आणि त्यांना मराठी सोडून दुसरी भाषा येत नव्हती.

पद्मजा कँटीनमध्ये जेवायला बसली होती, तेव्हा फोन आला.

“अगं, इथला पोलीस मला चक्क टोलवतोय यार! म्हणतो हे आमचं काम नाही, गावाबाहेर दुसरं ऑफिस आहे तिकडे जा. डिट्टो आपल्याकडच्यासारखं!”

हवालदाराची लेक ती. टोलवाटोलवी तिला चांगली ठाऊक. “तू अजिबात हलू नकोस. ठिय्या मार. तक्रार घेतल्याशिवाय उठायचं नाही,” ती म्हणाली.

रोहितनं ठिय्या मारला. तो बिचारा पोलीस पुन्हा पुन्हा हातानं रस्ता दाखवत होता आणि रोहित पुन्हा पुन्हा मान हलवत होता. इकडे पद्मजानं ताट बाजूला सारलं. ते गाव समुद्राकाठचं. आप्पांना पोहता येत नाही, हे एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

“काय झालं?” शेजारी येऊन बसलेल्या सोलेननं विचारलं. सोलेन तिच्याच लॅबमधली, मूळची त्याच किनाऱ्यावरची. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “त्या पोलिसाच्या पाठीवर काय लिहिलंय ते विचार.”

रोहितनं अक्षरं जुळवून सांगितलं, “पोलीस म्युनिसिपाल.”

“मग तो टाळत नाहीये, बरोबर सांगतोय. इथे आयर्लंडमध्ये सगळ्या देशाला एकच पोलीस दल, गार्डा. आमच्याकडे तसं नाही. मोठ्या शहरांत राष्ट्रीय पोलीस. खेड्यापाड्यांत जाँदार्म, ते खरे सैनिक, पण काम पोलिसाचं. आणि हा नुसता महापौराचा माणूस. बाजार, पार्किंग, मोकाट कुत्री बघणारा. हरवलेल्या माणसाचा शोध जाँदार्मच घेणार.”

पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठिय्या मारायला तिनंच सांगितलं होतं.

“त्यांचं ऑफिस कसं ओळखायचं?” तिनं विचारलं.

“सोपं आहे. पुढे ऑफिस, वर झेंडा. मागे त्यांची घरं. बायकापोरांसकट तिथेच राहतात ते. कपडे वाळत असतात, पोरांच्या सायकली पडलेल्या असतात...”

पद्मजा उभीच राहिली. झेंडा, वाळणारे कपडे, सायकली. ती ज्या घरात जन्मली, वाढली, ते घर आणखी कसं होतं? आप्पांनी उभी हयात पोलीस लाईनीत काढली होती. हरवलेला माणूस घरीच जाणार ना!

“रोहित, ऊठ! तो दाखवतोय त्याच रस्त्यानं जा. आणि ऑफिसात थांबू नकोस, मागच्या घरांमध्ये बघ.”

मग तिनं फोन टेबलावर ठेवला आणि सोलेनचा हात धरून बसली. सोलेननं एका शब्दानंही चेष्टा केली नाही.

फोन वाजला. व्हिडिओवर एक स्वयंपाकघर, आणि टेबलाशी आप्पा! पुढ्यात सूपचा वाडगा, बाजूला गणवेशातली एक बाई त्यांना पाव कापून देत होती. आप्पा दारात येऊन कडक सलाम ठोकून उभे राहिले होते म्हणे. ह्यांना कुणाकडे पोचवायचं, ते कळेना, म्हणून तिनं आधी जेवायला वाढलं.

पद्मजाला रडू आवरेना. तिनं त्या बाईला हात जोडले आणि बाजारातल्या त्या पोलिसालाही मनोमन जोडले. सोलेन मागून फ्रेंचमध्ये दोघींच्या वतीनं आभार मानत होती, तिचेही डोळे भरले होते.

“आप्पा, कुठं गेला होता तुम्ही? जीव जायची वेळ आली!”

“कुठं म्हंजे? लाईनीत आलो की. वाट चुकली तर लाईनीत येऊन बसायचं, आपलं माणूस न्यायला येतं. तू ल्हान असताना मीच न्हवतं का शिकिवलं तुला?” आप्पांनी पाव सूपात बुडवला. “किती येळ लावलास, पद्मा.”