पाती उतरणार नाहीत

वडील गेल्यापासून आमची पवनचक्की बंद होती, हे मान्य. पण बंद असणं वेगळं आणि मेलेली असणं वेगळं. इंग्लंडातल्या सफकच्या या भागात एके काळी प्रत्येक गावाला आपली चक्की होती. आता आसपास उरली ही एकच, आणि तिचीही पाती उतरवायला जिल्हा परिषदेचे पेटिट साहेब कामगारांची लॉरी घेऊन दारात हजर! मागच्या हिवाळ्यात पात्याची एक फळी उडून शेजारच्या डोराच्या कोंबड्यांवर पडली होती. तक्रार तिचीच. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नव्हते.

"चक्की राहणारच आहे, मिस थर्कल," पेटिट गोड आवाजात म्हणाले. "फक्त पाती जातील. खाली छानशी पाटी लावू, इतिहासाची."

"पाती काढल्यावर उरतं ते खोपटं. खोपट्याचा कसला इतिहास?"

मी तरातरा वर गेले आणि ब्रेक सोडला. पश्चिमेचा वारा जोरात होता. पाती कुरकुरली आणि फिरू लागली. फिरत्या पात्यांजवळ जायला कामगार वेडे नव्हते. ते लॉरीत बसून चहा पीत राहिले.

दुपारी पाती मंदावली आणि थांबली.

"वारा पडला!" पेटिट हात चोळत म्हणाले. "चला, लागा कामाला." कामगार लॉरीतून शिड्या उतरवू लागले.

वारा कुठला पडतोय! तो दक्षिणेला वळला होता. आमची चक्की एका जाड खांबावर उभी आहे. अख्खी फिरवून तिचं तोंड वाऱ्याकडे करावं लागतं. मी ब्रेक लावला, खाली आले, मागचा जिना जमिनीवरून उचलून अडकवला आणि चक्की वळवायच्या लांब दांड्याला खांदा दिला. चक्की ढिम्म. माझा खांदा सत्तरीचा. संतापाने रडूच फुटलं मला.

कुंपण ओलांडून डोरा आली.

"मजा बघायला आलीस?" मी ओरडले.

"सरक, विनी. तोंड कमी चालव आणि ढकल."

दोघींनी जोर लावला. चक्की कण्हली आणि वळली.

"अहो, तक्रार तुमचीच होती ना?" पेटिट किंचाळले.

"होतीच," डोरा धापा टाकत म्हणाली. "फळी नीट ठोका म्हणून. चक्कीला नागवी करा असं कोण म्हणालं?"

मी जिना टेकवला, वर जाऊन ब्रेक सोडला. पाती पुन्हा फिरू लागली.

"कधीतरी वारा पडेलच!" खालून पेटिटांचा आवाज आला.

"पडू दे की," डोराने उत्तर दिलं. "तुम्हाला घरी जायचंय. आम्ही इथेच राहतो."