तिसरं कलम

सात देशांतल्या प्रौढशिक्षण संस्था एकाच मापानं मोजायच्या ठरल्या, तेव्हा भांडणं काय थोडी झाली! कुणी स्वयंपाकाचे वर्गही मोजत होतं, कुणी चर्चमधल्या बायकांची बैठकसुद्धा. एका देशाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. शेवटी जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयातल्या कालिनानं एक वाक्य सुचवलं आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं. फॉर्ममधलं तिसरं कलम म्हणून ते सात भाषांत छापलं गेलं. महिनाभर कालिनाबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

तोच फॉर्म घेऊन ती आज द्रेनोव दोल गावच्या वाचनघरात बसली होती. फॉर्म टपालानंही पाठवता आला असता. पण याच खोलीत, समोर बसलेल्या याच नेव्याना बाईंकडे तिची आई वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकली होती. तोवर ती अंगठाच उठवायची.

"सात देशांची मास्तरीण झालीस म्हणे!" बाईंनी बानित्साचा, चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचा, तुकडा पुढे सरकवला. "खा आधी. वाळलीयेस नुसती."

"चिडवू नका हो, बाई. विद्यार्थी किती?"

"कागदावर पाच. येतात तीन. एकीचे गुडघे गेले, एक लेकीकडे स्पेनला गेली."

"शिक्षक?"

"ही काय, तुझ्यासमोर बसलीय."

"पगार?"

बाई खोकला येईपर्यंत हसल्या. "निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पोरी. ही गिना कधीमधी अंडी आणते."

खिडकीशी वहीत डोकं घालून बसलेली एकाहत्तर वर्षांची गिना आजी लाजली.

कालिनाचं पेन थांबलं. या फॉर्मवरून होणाऱ्या यादीत ज्यांचं नाव असेल त्यांनाच यंदा सरपण मिळणार होतं, बाकीच्या वाचनघरांना वसंतात कुलूप. नगरपालिकेचा ठराव तिनं स्वतः वाचला होता, आणि तो बाईंनाही ठाऊक होता.

"बाई, अर्धवेळ पगारी लिहू का?" तिचा आवाज खाली आला. "कोण येतंय बघायला?"

"तुझ्या आईला मी खोटं लिहायला नव्हतं शिकवलं."

कालिनाच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. अशाच एका खोट्या आकड्यावरून तिनं दुसऱ्या देशाच्या माणसाला भर बैठकीत झापलं होतं.

"कुठाय तो पगाराचा नियम? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय," बाई म्हणाल्या. "गिना, ये. तू वाच."

गिना आजी चष्मा पुसत आली. तिसऱ्या कलमावर तिनं बोट ठेवलं.

"ज्या... संस्थेत... एकही... पगारी... शिक्षक... नाही..." तिनं श्वास घेतला. "ती संस्था... मोजू... नये."

बाईंनी कालिनाकडे पाहिलं. गिना आजीचा चेहरा मात्र फुलला होता. शब्द जुळवण्याच्या नादात अर्थ तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. छापील कागदावरचं अख्खं वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं.

"बाई, अडखळले का हो कुठे? खरं सांगा!"

"नाही ग," बाई म्हणाल्या. "एकदाही नाही."

"वाक्यच सोपं आहे. कुणी लिहिलंय?"

कालिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी, आजी."

"अगंबाई! मग जाण्याआधी अजून एक लिहून दे की," गिना आजीनं आपली वही तिच्यापुढे उघडून धरली. "उद्याच्या धड्याला होईल."