भुऱ्याची तहान

कर्जतजवळच्या चौक गावापासून आत एका वाडीत जयवंता राहायची. घरात नवरा सदू आणि विधुर झालेला थोरला दीर सहदेव. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून भुऱ्या नावाच्या बोक्यावर तिचा सारा जीव. महायुद्धाचे दिवस होते. गूळ-साखर मिळेनाशी झाली होती. तरी आपल्या वाट्याचा गूळ ती दुधात कुस्करून भुऱ्याला पाजी. वर भाताचा गोळा असायचाच. बोका उंबऱ्यात आडवा पडला की वाट अडायची, इतका तो सुटला होता.

भाद्रपदात त्याला तहान लागली. साधी नव्हे. वाडग्यातलं पाणी संपलं की तो कोंबड्यांच्या भांड्याला तोंड लावी आणि तेही संपलं की मोरीतली ओल चाटत बसे. खाणं दुप्पट झालं, तरी अंग झरझर उतरलं. पाठीचा कणा हाताला लागू लागला. मागच्या पडवीत तो जिथे मुते, तिथे काळ्या मुंग्यांच्या रांगा लागत. मग त्याचे मागचे पाय गेले. टाचा जमिनीला टेकवून तो असा सरपटत चाले की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

त्याच सुमारास शेजारची दुभती म्हैस दावणीला मेली. मग बायका पाणवठ्यावर कुजबुजू लागल्या. बोका पाणी पीत नाय, त्याच्या आतलं कुणीतरी पितंय, असं कुणी म्हणालं. जयवंता आली की बोलणं थांबे. पोरांना तिच्या अंगणात जायची बंदी झाली.

शेवटी धाऊ भगताला बोलावलं. त्याने पडवीतल्या मुंग्या पाहिल्या आणि त्या घरचं पाणी प्यायला नकार दिला. अमावस्येला बोक्याला नदीपलीकडे नेऊन गाडायचं आणि ज्या बाईनं त्याला पोसलं तिला कायमची माहेरी धाडायची, असा त्याने निवाडा दिला. सहदेवने लगेच मान डोलावली. तो हल्ली कुणाशी बोलत नसे. उशाशी पाण्याची घागर ठेवून पडून राही. चालताना लंगडे. अंगठ्याला गुंडाळलेल्या चिंधीबद्दल विचारलं तर अंगावर येई. सदू भावाच्या शब्दाबाहेरचा नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही.

अमावस्येच्या सकाळी माणसं गोणपाट घेऊन अंगणात जमू लागली. जयवंताने भुऱ्याला पदराखाली घेतलं आणि मागच्या दाराने वाडीतल्या मोतीबाईचं घर गाठलं. तिथे कर्जतच्या दवाखान्यातल्या नर्स आनंदीबाई एक बाळंतपण करायला आल्या होत्या. जयवंताने रडत रडत सगळं सांगितलं. आनंदीबाईंनी बोक्याचे पाय चाचपले, तोंड हुंगलं, त्याला काय खायला घालतेस ते विचारलं. मग आपली पेटी उचलली आणि जयवंताबरोबर सरळ तिच्या अंगणात आल्या.

भुऱ्याला सारखीच लघवी होई. आनंदीबाईंनी त्याच्याखाली परात सरकवली. पेटीतून काचेची नळी काढली, तिच्यात निळं औषध ओतलं, परातीतले काही थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग हिरवा झाला. हिरव्याचा पिवळा. मग नळी विटेसारखी लालभडक झाली. माणसं मागे सरली.

"रगात!" धाऊ म्हणाला.

"रक्त नाही, साखर आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "मुंग्या भुताला लागत नाहीत, साखरेला लागतात. याला मधुमेह झालाय. खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर होऊन लघवीच्या पाण्यावाटे निघून जाते. म्हणून ही तहान. हा रोग जनावराला होतो तसा माणसालाही होतो. त्यासाठी कुणाला गाडावं लागत नाही आणि कुणाची बायको हाकलावी लागत नाही."

 सहदेव उठला, गोठ्याआड गेला आणि हातात एक डबा घेऊन परतला.

"बाय, आनखी एकदा कर," तो म्हणाला.

दुसरी नळी पहिलीपेक्षाही लवकर लाल झाली.

सहदेव खाली बसला आणि त्याने पाय पुढे केला. आनंदीबाईंनी त्याच्या पायाची चिंधी सोडली. वास आला तशी पुढची माणसंही हटली. अंगठा काळा पडला होता. शिमग्यापासून तो त्याला भगताचा अंगारा लावत होता.

"सदू, तुज्या बायकोला सांग," तो खाली मान घालून म्हणाला. "मुंग्या माज्याकडं आदी लागल्या. बोक्याला मागनं. मला ठावं व्हतं. पन लोक माजं नाव घेतील म्हून मी गप बसलो."

जयवंता दिरासमोर कधी बोलली नव्हती. तिने पदर सावरला आणि त्याच्याकडेच पाहून म्हणाली, "भावजी, ते मागनं बोलू. आदी गाडी जुपू द्या."

बैलगाडीने त्याला कर्जतला नेलं. डॉक्टरांना पुढचं अर्धं पाऊल कापावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर जीवच गेला असता, असं ते म्हणाले. मधुमेहावरची इन्सुलिनची इंजेक्शनं लढाईमुळे मिळत नव्हती. आनंदीबाईंनी मुंबईहून खटपट करून ती मिळवली.

भुऱ्याचं पथ्य जयवंताने सांभाळायचं होतं. गूळ, दूध, भात बंद. नदीतली बारकी मासळी, अंडं, कधी मटणाचा तुकडा. थोडं थोडं आणि रोज त्याच वेळेला. पाणी मात्र कधी अडवायचं नाही. त्याला एकदम उपाशीही ठेवायचं नाही, कारण सुटलेल्या बोक्याने खाणं सोडलं तर तो त्यानेच मरतो, असं आनंदीबाईंनी बजावलं होतं. गुळाच्या मडक्यापाशी भुऱ्या ओरडायचा तेव्हा जयवंता त्याला उचलून अंगणात न्यायची. दिवाळीत सदूला राहवलं नाही. त्याने त्याला चोरून खीर चाटवली, मग दुसऱ्या दिवशीही. चार दिवसांत बोका पुन्हा मोरी चाटू लागला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तेव्हा सदूला कळलं, की ज्याला आपण माया म्हणतो तेच त्याला मारतंय. माघात आनंदीबाईंनी तपासलं तेव्हा नळी पहिल्यांदा निळीच राहिली. भुऱ्या पुन्हा पायांवर उभा राहून चालू लागला.

पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीत ठकी नावाच्या विधवेवर आळ आला. तिच्या नजरेनं पुतण्या वाळतोय, असं धाऊ सांगत होता. सहदेव बैलगाडी जुंपून तिथे गेला आणि काठी टेकत उतरला. भरल्या अंगणात त्याने पायाचं फडकं सोडलं आणि उरलेला पाय सगळ्यांपुढे ठेवला.

"हे भुतानं न्हाय खाल्लं," तो म्हणाला. "माज्या लाजेनं खाल्लं. आन् ती लाज झाकाया मी माज्या घरची बाई घालवाया निघालो व्हतो. पोराला उचला. गाडी मी आनलीय."

वाचकहो, त्या दिवशी पोराला उचलायला लगेच कुणी पुढे आलं नाही. धाऊ तिथेच उभा होता आणि त्याचं भय अजून सगळ्यांच्या मनात होतं. अखेर ठकीच पुढे झाली आणि पुतण्याला कडेवर घेऊन गाडीत बसली, तशी सहदेवने गाडी कर्जतच्या दवाखान्याकडे हाकली. आपल्या घरात दुखणं आलं की आपणही आधी कुणाला तरी दोषी ठरवायला निघतो, आणि बहुधा ती एखादी एकटी बाईच असते. दुखण्याला त्याच्या नावाने हाक मारा, वेळेवर दवाखाना गाठा. तुम्ही जेवढा काळ दुसऱ्याकडे बोट दाखवत बसता, तेवढा काळ रोग तुमच्याच घरात वाढत असतो.