आक्काचे बारा पत्रे

माझं तोंड फटकळ हाय, हे अख्ख्या लातूरला ठाऊक हाय. जुनी घरं तपासायची अन् ती राहण्याजोगी हायत का ते सांगायचं, हा माझा धंदा. कोचिंगमुळं गल्लोगल्ली हॉस्टेलं निघायलीत. लोक येतात, म्हणतात, रेवणसिद्ध, तेवढा कागद दे. मी म्हणतो, कागद काय झाडाला लागतात?

लक्ष्मम्माआक्काकडं गेलो तेव्हाही त्याच तोऱ्यात होतो. आक्का पंचाहत्तरीची. नात वर्षाराणी नीटची तयारी करत होती, अन् जूनपासून जळकोट-अहमदपूरकडच्या आणखी नऊ पोरी मागच्या खोल्यांत राहायला येणार होत्या. त्याच खोल्यांना मी शिडी लावली. वर सिमेंटचे राखाडी, नागमोडी बारा पत्रे. एकाचा कोपरा फुटलेला.

तोंडाला मास्क बांधला, फुटक्या कडेवर पाणी मारलं, भिंग लावलं अन् तसाच थांबलो. सिमेंटातून पांढरे तंतू निघाले होते, पेळूतल्या कापसाहून बारीक. हा दगडाचा तंतू. खाणीतून निघतो, जळत न्हाई, कुजत न्हाई, अन् त्याचं सूत कातता येतं. एवढी घरं पाहिली, पण दरवेळी हे दिसलं की मी पुन्हा वाकून बघतो. ॲस्बेस्टॉस असावा असं वाटलं. नुसत्या डोळ्यानं खात्री होत न्हाई, म्हणून नखाएवढा ओला तुकडा दोन पिशव्यांत बांधून तपासणीला पाठवला. आक्काला बजावलं, तोवर पत्र्याला हात लावू नको.

"हात न लावून कसं चालंल?" ती म्हणाली. मग तिनं सांगितलं ते ऐकून मी शिडीच्या खालच्या पायरीवरच बसलो.

त्र्याण्णवला आक्का औशाकडच्या एका खेड्यात होती. गाय व्यायला झाली होती म्हणून आठ वर्षांच्या लेकाला घेऊन ती गोठ्यात निजली. पहाटे भूकंप झाला. दगडामातीचं घर तिच्या नवऱ्यासकट, मलप्पासकट, खाली बसलं. गोठ्यावरचे हे पत्रे जागचे हलले न्हाईत. पुढं तिनं तेच पत्रे ट्रॅक्टरवर घालून लातूरला आणले अन् ह्या खोल्यांवर चढवले. जड छताखाली ती पुन्हा कधी निजली न्हाई. दर वर्षी त्या तारखेला स्वतः वर चढायची, तारेच्या ब्रशानं शेवाळ खरडायची अन् पत्र्यांना हळदीकुंकू लावायची.

"कोरडंच घासायचं," आक्का म्हणाली. "पांढरी भुकटी पडंस्तोवर."

बाराव्या दिवशी अहवाल आला. ॲस्बेस्टॉसच. मी आडपडदा ठेवला न्हाई. पत्रा धड असला, त्याला कुणी छेडलं न्हाई तर धोका कमी. पण तो फुटला, घासला, पंख्यासाठी भोक पाडलं, की तंतू उडतात, श्वासातून छातीत जातात अन् तिथंच बसतात. वीस-तीस वर्षांनी आजार उठतो.

आक्का वर बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तिच्या देवालाच मी नावं ठेवली होती.

"म्या तीस वर्सं घासलं," ती हळूच म्हणाली. "ते समदं कुठं गेलं रं?"

सगळ्यांनाच होतं असं न्हाई आक्का, दवाखान्यात दाखवू, मी म्हटलं.

तिनं छातीवर हात ठेवला. "माझं लेकरू वाचिवलं त्यानं. माझ्या छातीत ऱ्हायचं तर ऱ्हाऊ दे. पर ह्या पोरींच्या छातीत न्हाई जाऊ द्यायचं. कसं उतरवायचं, सांग."

"त्या कामाची माणसं बोलवू. पाणी मारत, न फोडता काढायचे, प्लास्टिकात गुंडाळून न्यायचे."

"म्हंजे आंघोळ घालून," आक्का म्हणाली. "मग बरं हाय."

मोठमोठ्या इमारतींपुढं मान वर करून उभा राहिलोय मी. पण एवढं मोठं काही पाहिलं नव्हतं. मी वाकलो, आक्काचे पाय धरले.

"पाया मागनं पड," ती म्हणाली. "आधी वर्षाराणीचं अंथरूण त्या फुटक्या पत्र्याखालनं उचल."