पत्र्यावर कोन चढते?

गोपीचंद शेठच्या राइस मिलचं छप्पर तपासायला ड्रोन येणार ही बातमी रुपाला मिलमधल्या डोमा हमालानं दिली. आणि तो ड्रोन तिचा दीर सूरजच उडवणार, हे सांगताना त्यानं मान दुसरीकडे फिरवली. रुपा कोंड्याची पोती शिवत बसली होती. तिनं दाभणातला सुतळीचा दोरा करकचून ओढला, गाठ मारली आणि पुढचं पोतं घेतलं.

ही मिल आंधळगावच्या रस्त्यावरची. गेल्या वर्षी हिच्याच सिमेंटच्या पत्र्यावर रुपाचा नवरा नत्थू चढला होता. "पाच मिनिटाचं काम हाय, पानी कुठून गळते ते पाहून ये," असं शेठ म्हणाला होता. नत्थू चढला तो शिडीनं, आणि खाली आला तो पत्रा फोडून, सरळ फरशीवर. पोलीस आले तेव्हा शेठनं सांगितलं, की नत्थू आपल्या मनानं वर गेला, त्याला कोणी पाठवलं नव्हतं. घरात शिकलेला एकटा सूरज, म्हणून घरच्यांचा जबाब द्यायला तोच गेला. त्यानंही तेच सांगितलं. पुढं महिनाभरात रुपाला मिलमध्ये काम मिळालं आणि सूरज ड्रोन शिकायला नागपूरला गेला. दोन्ही शेठच्याच शब्दानं. रुपानं काम धरलं, कारण घरात ती आणि म्हातारी सासू, चूल तर पेटायला हवी होती. पण दिराशी ती त्यानंतर एक शब्दही बोलली नाही. तोही वरठीला खोली घेऊन वेगळा राहू लागला.

सूरज आला तो नव्या गाडीवर, पाठीवर काळी पेटी घेऊन. दिवाळी उलटली होती, मिलच्या आवारात धानाचे ट्रॅक्टर लागले होते, आणि अवकाळीचं आभाळ सकाळपासून भरून होतं. शेठनं दोन-चार व्यापारी मुद्दाम बोलावून घेतले होते. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, चहा सांगितला होता.

"आपल्या जिल्ह्यात हे पहिलंच असन पाहा," शेठ सांगत होता. "मानसाले वर चढाची गरजच नाई. आपला पोट्टा हाय, मीच शिकवला."

सूरजची नजर रुपावर गेली. तो दोन पावलं पुढं आला. "वहिनी, बऱ्या हा ना जी?"

रुपानं पोतं उचललं आणि तो तिथं नसल्यासारखी ती त्याच्या बाजूनं निघून गेली. सूरज तिथंच उभा राहिला. खुर्चीतल्या एका व्यापाऱ्यानं चहाच्या कपात पाहिलं.

ड्रोन उठला तसा आवारातला कोंडा भोवऱ्यासारखा फिरला. बायांनी पदर तोंडावर घेतले. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा तो आवाज छपरावरून इकडून तिकडं फिरू लागला. सूरजच्या हातातल्या पडद्यावर छप्पर दिसत होतं, आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. रुपा जाणार नव्हती. पण पाय गेले.

वर्षभर तिनं ते छप्पर खालूनच पाहिलं होतं. वरून ते काळं पडलेलं होतं, शेवाळलेलं, आणि त्या काळ्यात मधोमध एकच पत्रा पांढराफटक होता. नवा बसवलेला. तो तिथं का बसवला हे कोणाला सांगायची गरज नव्हती. सूरजनं बोट हलवलं आणि पडद्यावरचं चित्र तिथून झटकन पुढं सरकलं.

"काहून सरकवलं?" रुपा म्हणाली. वर्षभरात तिचा त्याच्याशी हा पहिला शब्द. "दाखव ना. तुह्या भावाची जागा हाय थे."

"वहिनी, काम करू द्या जी," सूरज हळूच म्हणाला.

"काम करून राहिला का! भावाच्या मढ्यावरून उडवून राहिला तू."

"ए रुपा!" शेठ ओरडला. "पाहुणे बसले हायेत. जाय, आपलं काम पाय."

ती हलली नाही. शेठनंही पाहुण्यांसमोर वाढवलं नाही. ड्रोन उतरला. सूरजनं घाम पुसला आणि पडद्यावर एकेक जागा मोठी करून दाखवली. पत्रे धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजून गेले होते. बोल्टाभोवती पत्रे चिरले होते. उगवतीकडचा सगळा उतारच कामातून गेला होता.

"शेठ, इकडं कोनालेच चढवू नोका," तो म्हणाला. "मांजरीचंबी वजन पेलत नाई आता. नागपुरून क्रेनचं मशीन आना, त्याच्या पाळन्यात उभं राहून बाजूनं काम करा लागन."

"थे करू ना मंग," शेठ आभाळाकडे पाहत म्हणाला. उगवतीकडच्याच उताराखाली धानाच्या पोत्यांची थप्पी होती. "आज पानी आलं तं माल भिजन, त्याचं काय? एक ताडपत्री तं टाका लागन. डोमा! काय बे, कुठं गेला? शिडी लाव. पाच मिनिटाचं काम हाय."

डोमा जागचा हलला नाही. मग हलला. त्यानं बांबूची लांब शिडी भिंतीला लावली, ताडपत्रीची घडी खांद्यावर टाकली. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. रुपानं सूरजकडे पाहिलं. सूरज ड्रोनची पाती एकेक करून दुमडत होता. मान खाली, सगळं लक्ष पात्यांत.

रुपा चालत गेली. डोमाचा पाय पहिल्या पायरीवर होता. तिनं त्याच्या खांद्यावरची ताडपत्री ओढून खाली टाकली, त्याला बाजूला सारलं, आणि शिडीला दोन्ही हातांनी असा हिसका दिला, की शिडी भिंत खरवडत गेली आणि धाडकन आडवी पडली. खुर्च्यांतले व्यापारी उठून उभे राहिले.

"पागल झाली का व तू?" शेठ धावत आला. "दया करून ठेवलं तुले कामावर!"

"दया तुही? माहा नवरा खाऊन दया करून राहिला का तू?"

"थो आपल्या मनानं चढला होता! इचार तुह्या दिराले!"

"इचारतोच ना." रुपा वळली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणूनच सगळ्यांना नीट ऐकू गेला. "सूरज. सांग. तुह्या भावाले वर कोनं पाठवलं?"

ट्रॅक्टरवाले, हमाल, बाया, सगळे सूरजकडे पाहत होते. त्यानं ओठ उघडले. शेठकडे पाहिलं. मग पेटीचं झाकण लावलं.

"झालं गेलं थे, वहिनी," तो म्हणाला. "आता कायले काढता?"

रुपा थुंकली. त्याच्या अंगावर नाही, बाजूला मातीत. पण ती थुंकी त्याला लागायची तिथं लागली.

"शिडी उचला!" शेठ हमालांवर ओरडला. कोणी वाकलं नाही. डोमा भिंतीला टेकून खाली बसला होता. "नाई उचलत? मीच चढतो मंग!" शेठनं स्वतः शिडी उभी केली, कशीबशी टेकवली, आणि चार पायऱ्या चढला. शिडी खाली डगडग हलत होती. धरायला कोणी पुढं आलं नाही. त्यानं वर पत्र्याकडे पाहिलं, खाली माणसांकडे पाहिलं, आणि एकेक पायरी चाचपत उतरला. मग त्यानं रुपाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि तिच्या सात पिढ्या काढल्या.

पाणी दुपारी आलंच. उगवतीकडची थप्पी भिजली. रुपा तोवर आंधळगावच्या वाटेला लागली होती. मागून सूरजची गाडी आली.

"बसा जी. भिजून राहिल्या."

ती चालत राहिली. तो गाडी हळू ठेवून सोबत येत राहिला.

"मी सांगतलं ना शेठले, कोनाले चढवू नोका म्हनून! सगळ्यायसमोर सांगतलं. अजून काय करा लागत होतं मी?"

"शेठले सांगतलं," रुपा म्हणाली. "डोमा तुह्या बाजूले उभा होता. त्याले नाई सांगतलं."

"माही रोजी त्याच्या हातात हाय!"

"मंग जा त्याच्याकडं."

गाडी थांबली. ती मागं वळली नाही.

शेठनं पुढं नागपूरहून मशीन आणलं आणि अख्खं छप्पर बदललं. त्या दिवशीच्या तमाशानंतर सूरजला मात्र त्यानं पुन्हा बोलावलं नाही. डोमा मिलमध्येच राहिला. वाटेत रुपा भेटली की तो सायकलवरून उतरतो, पण बोलायचं काय हे त्याला सुचत नाही. रुपा धानाच्या कापणीला जाऊ लागली.

एका दुपारी सूरज आईला भेटायला घरी आला. मनकर्णाबाईनं त्याला ओसरीवर बसवलं, त्याचा हात हातात घेऊन ती रडली. रुपा अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्यानं माहं काम गेलं. दुसऱ्या मिलवालेबी आता बोलवत नाई."

सूप थांबलं नाही.

"जबाब बदलून दे," रुपा म्हणाली. "ठाण्यात जाऊन खरं सांग. मंग या घरात जेवाले बस."

"आता? इतक्या दिवसानं? मलेच आत टाकतीन थे."

रुपानं सुपातले खडे वेचून बाहेर फेकले, तांदूळ डब्यात ओतले. मग ती आत गेली आणि तिनं सासूचं एकटीचं ताट वाढून आणलं.