जाणारे शेवटी गातात

हात्सुएताईंनी आपल्या चहाघरातल्या कराओके यंत्राचं बटण दोनदा दाबून पट्टी दोन घरं खाली आणली आणि माइक होन्माच्या हातात दिला.

"आता म्हण. फक्त वरच्या सुरातली ओळ. बाकीचं गाणं कोणालाही जमतं."

होन्मा योशिकात्सुने ओळ म्हटली. गाणं बोटीचं होतं. धक्क्यावरच्या माणसांना हात करून कोणीतरी कायमचं निघालं होतं. आवाज कुठे न अडकता वर गेला आणि सावकाश उतरला. दुपारचे तीन वाजले होते. पलीकडच्या टेबलावर चहा पीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"झालं तर," ताई म्हणाल्या. "हेच घे. सगळ्यांना रडवशील."

"म्हणूनच नको."

"हे तिसरं गाणं नाकारलंस. मुलगी बघायला आलायस का माझ्याकडे?"

होन्मा हसला नाही. त्याने माइक टेबलावर ठेवला आणि अंगठा चोळत बसला. एकतीस वर्षं चमचे पॉलिशच्या चाकावर धरून त्याच्या अंगठ्याचं पेर चपटं झालं होतं. त्सुबामे गावात असे अंगठे पुष्कळ.

त्या वसंतात कारखान्याने सहा जणांना स्वखुशीने निवृत्त व्हायला सांगितलं होतं. सगळे पन्नाशी ओलांडलेले. होन्माला तीनदा आतल्या खोलीत बोलावलं, समोर चहा आणि कागद ठेवला. तिन्ही वेळा तो चहा पिऊन परत आला. बाकी पाच जणांनी होकार दिला होता. तरी शनिवारच्या मेळाव्यासाठी ऑफिसातून जी गाण्यांची यादी फिरली, तिच्यात शेवटच्या रकान्यात सहा नावं होती. पाचांपुढे गाणी लिहिलेली. होन्मापुढे रिकामी जागा.

रीत जुनी होती. पहिलं गाणं विभागप्रमुख कुमाकुरासाहेबांचं. मग राहणारे. जाणारे शेवटी गातात, आणि त्यांचं गाणं संपलं की सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. एकदा त्या टाळ्या घेतल्या, की कागदावर सहीचा शिक्का नसला तरी माणूस गेलाच. सोमवारी तो कोणत्या तोंडाने फाटकातून आत जाणार?

"आजारी पडलो म्हणून सांग," ताई म्हणाल्या.

"मग माझ्या माघारी टाळ्या वाजवतील."

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. चाळीस वर्षं त्या पुरुषांना गाणी निवडून देत होत्या. विशीत आवडलेलं गाणं पन्नाशीच्या गळ्याने म्हणू नये. सुरुवातीचं वाजवणं लांब असेल तर लोक जेवायला लागतात. तरुण पोरं असतील तर त्यांनी बापाच्या गाडीत ऐकलेलं काहीतरी घ्यावं. हे सगळं त्यांना पाठ होतं. पण न जाण्यासाठी कोणतं गाणं म्हणावं, हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

होन्माने यंत्रातल्या गाण्यांच्या यादीची पाटी स्वतःकडे ओढली, बराच वेळ बोट सरकवलं आणि एका ओळीवर थांबला. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे? अरे, हे कुमाकुराचं. दरवर्षी तोच म्हणतो. साहेबाच्या गाण्याला हात लावायचा नसतो, हे शिकाऊ पोरालाही कळतं."

"मलाही कळतं."

"आणि वरची ओळ? ते मुळात गाणारी पोरं वीस वर्षांची होती. आवाज फाटेल तुझा."

"फाटू दे."

"पट्टी खाली घेऊ?"

"नको. खाली साहेब घेतात."

ताईंनी बटणावरचा हात काढून घेतला.

शनिवारी दुपारी गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या खानावळीत साठ माणसं चटईवर तीन रांगांत बसली होती. ताटं आली. ऑफिसातली मिहो गाण्यांच्या यादीचा कागद घेऊन होन्माजवळ गुडघ्यांवर बसली.

"होन्मासान, तुमचंच गाणं राहिलंय. शेवटी काय लावू?"

"शेवटी काही नको, पोरी. रिमोट दे जरा."

तिने दिला. तिकडे कुमाकुरासाहेब माइक घेऊन उभे राहत होते. होन्माने गाण्याचा आकडा दाबला. पडद्यावर ओळखीचं नाव आलं, ढोल सुरू झाले, आणि सवयीने साठ जणांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग ठेका अडखळला. कारण दुसरा माइक घेऊन होन्मा पुढे आला होता.

"होन्मा," कुमाकुरा हळू आवाजात म्हणाले, "तुझी पाळी शेवटी आहे."

"जाणारे शेवटी गातात. मी आत्ता गातो."

शब्द सुरू झाले. गाणं नाचाचं, उड्या मारायचं. होन्मा मात्र चाकासमोर उभा राहतो तसा पाय रोवून उभा होता. कोणी टाळी वाजवत नव्हतं. वरची ओळ आली आणि आवाज फाटला, फडक्यासारखा टर्रकन. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. त्याने ती ओळ सोडली नाही. ती चार वेळा येते. चारही वेळा तो तिथे चढला, चारही वेळा फाटला, आणि फाटलेल्याच आवाजाने त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं.

कोणी उभं राहिलं नाही, टाळ्या वाजल्या नाहीत. होन्माने माइक खाली ठेवून वाकून नमस्कार केला आणि आपल्या जागेवर जाऊन भाताचा वाडगा उचलला.

कुमाकुरासाहेब अजून पडद्यासमोर उभे होते. मिहो कागदाकडे बघत होती, त्यांच्याकडे बघत होती.

जाणाऱ्यांतला तामाकी त्याच वेळी उठला. सत्तावन्न वर्षांचा, होन्माच्या शेजारच्या चाकावरचा, वर्षभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्याने मिहोच्या हातातून कागद घेतला, तिच्याच पेनाने शेवटच्या रकान्यातलं आपलं नाव खोडलं आणि कागद परत दिला.

"पण तामाकीसान," ती कुजबुजली, "तुम्ही तर शिक्का मारलाय ना?"

"मारलाय. कागद दिलेला नाही अजून. घरीच आहे."

त्याने होन्माने ठेवलेला माइक उचलला. गाणं कुठलं, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. तो यादीची पाटी मांडीवर घेऊन सावकाश बोट सरकवत राहिला, आणि साठ माणसं वाट बघत राहिली. मग त्याने मान वर केली.

"साहेब," तो म्हणाला, "जरा बाजूला बसता का? पडदा दिसत नाही."