डाव्या पायाचा मोजा

मित्रांनो, माझ्या पाठीवर पाणी असतं आणि त्या पाण्यात मासे असतात. मी माशांची पिल्लं वाहून नेणारी एक जुनी पिकअप आहे. माझ्या हौद्यात दोन मोठ्या टाक्या बसवल्या आहेत. त्यांत बोटाएवढी पिल्लं सोडतात. आमच्याकडे त्यांना बोटुकली म्हणतात. ज्यांची तळी आहेत ती माणसं बोटुकली विकत घेतात आणि वाढवतात. ती तळ्यापर्यंत जिवंत पोचवणं हे माझं काम.

टाक्यांत हवेचे बुडबुडे सोडणारा एक छोटा पंप आहे. तो माझ्या बॅटरीवर चालतो. इंजिन चालू आहे तोवर चिंता नसते. इंजिन बंद पडलं की बॅटरी थोडा वेळ तग धरते, मग बुडबुडे थांबतात, आणि पिल्लं पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागतात. म्हणून रस्त्यात थांबणं मला परवडत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. मला ज्यांनी आणलं त्यांना सगळे बाबा म्हणतात. घरामागे सिमेंटचे हौद बांधून त्यांनी माशांची पैदास सुरू केली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा रेडिओ काढून टाकला. "गाडीचं बोलणं ऐकू आलं पाहिजे," ते म्हणाले. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी माझं बोलणं ऐकलं. इंजिनचा पट्टा जरा किंचाळला तरी ते उतरून बघायचे. लोक म्हणायचे, "गाडी कसली, गाय आहे ती. कधी लाथ मारत नाही." ते ऐकून मला चढावर अर्धा गिअर जास्त बळ यायचं.

मग बाबांचे गुडघे गेले. स्टिअरिंग त्यांच्या मोठ्या मुलीकडे आलं. घरात तिला थोरली म्हणतात. तीच आता हौद बघते, पिल्लं मोजते, मला चालवते. बाबा डावीकडच्या सीटवर सरकले. तळ्यावर पोचलो की थोरली गमबूट घालून उतरते आणि बाबा खिडकीतूनच गिऱ्हाइकाशी बोलतात. गारठ्याच्या दिवसांत सकाळी निघताना ते हीटरचं बटण फिरवतात आणि गरम हवा गुडघ्यांवर घेतात. थोरली मात्र तिच्या बाजूची काच उघडी ठेवते. "तुमचा उन्हाळा तुमच्याकडे ठेवा," असं ती म्हणते.

आता माझ्या दुखण्याविषयी सांगते. इंजिन तापतं, म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवावं लागतं. त्या पाण्यात कूलंट नावाचा रंगीत द्रव मिसळतात. त्याने गंज चढत नाही आणि पाणी लवकर उकळत नाही. हे पाणी बंद नळ्यांतून फिरतं. ते कमी व्हायला नको. माझं कमी होऊ लागलं.

आधी थोडं कमी व्हायचं. थोरलीने सकाळी हौदाच्या नळाचं मगभर पाणी ओतलं आणि झाकण लावलं. दुसऱ्या सकाळीही ओतलं. मग ती सवयच झाली. तोंड धुवावं तसं रोज माझ्यात पाणी ओतायचं आणि निघायचं. आतल्या कूलंटचा रंग फिका होत होत संपला आणि राहिलं नुसतं पाणी.

मी माझ्या परीने सांगत होते, मित्रांनो. पण आमच्या घरी माझ्या प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार होतं. गाडीखाली ओल आहे? असणारच, टाक्या हिंदकळतात. काचेला आतून वाफ धरते? धरणारच, कपडे ओले असतात. चटई भिजली? मग काय, गमबुटांतून काय वाळू गळणार? पाण्याच्या धंद्यात पाणी कुठून आलं हे कोण विचारणार!

बाबांनी एकदा विचारलं. "अगं, माझा डावा पाय भिजतोय."

थोरली हसली. "बाबा, तुम्ही झोपेत हौदात उतरता की काय?"

मागे टाकीजवळ पिल्लं उतरवून घ्यायला आलेला माणूसही हसला. बाबाही थोडं हसले. त्यानंतर ते पायाबद्दल बोलले नाहीत.

मग घाटातली ती सकाळ आली. दोन्ही टाक्या भरलेल्या होत्या. चढ निम्मा झाला आणि माझा तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. थोरलीने मला कडेला घेतलं. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. तिने झाकणावर गोणपाट टाकलं, पण लगेच उघडलं नाही. उकळतं पाणी अंगावर येतं हे तिला ठाऊक होतं. थांबणं भाग होतं. इंजिन बंद, आणि पंप बॅटरीवर. हळूहळू बुडबुडे विरळ झाले. मग एकेक पिल्लू वर येऊन आ वासू लागलं.

"पाण्याचा कॅन?" बाबांनी विचारलं.

"घरी राहिला."

"मग पाठीवर काय आहे?"

तिने टाकीतच मग बुडवला. माशांचं पाणी माझ्या घशात जाऊ लागलं. तेवढ्यात बाबा खिडकीतून ओरडले, "अगं थांब, मगात एक पोहतोय! इंजिनात गेला तर शिजेल बिचारा!" थोरलीने ते पिल्लू ओंजळीने परत टाकलं आणि त्या तसल्या वेळीही दोघं हसली. पण खालच्या तळ्यावर पोचलो तेव्हा एका टाकीतली बरीच पिल्लं उलटी तरंगत होती. मग कोणी हसलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "यंदा चालवून घेतो. पुढच्या खेपेला असं झालं तर मी दुसरीकडून घेईन." पुढची खेप म्हणजे हंगामातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी.

संध्याकाळी थोरलीचे मामा आले. माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी चाकाला बुटाचं टोक लावलं. "भंगारवाल्याला सांगून ठेवतो. भाऊजी, हिचं वय झालं."

बाबा पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "झालं खरं. विका. जे चालत नाही ते किती दिवस सांभाळायचं?" बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"आधी पाणी कुठे जातं ते कळू दे," थोरली म्हणाली.

"आणि नाही कळलं तर?"

"कळेल, मामा. पाणी आहे, भूत नाही. कुठेतरी जातंच असणार."

दुसऱ्या दिवशी तिने मला मेकॅनिककडे नेलं. हा माणूस कामाला चोख आणि तोंडाला तिखट. त्याने माझ्यातलं पाणी सोडलं, ते चिमटीत चोळलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, हे कूलंट आहे की माशांचं सार? नुसतं पाणी भरलंत, आता गळालं तरी ओळखणार कसं?" त्याने मला आतून धुतलं आणि नवं कूलंट भरलं. तेही गुलाबी. हिरवं मुद्दाम टाळलं, कारण शेवाळाने माझं अंग जागोजाग आधीच हिरवं होतं. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून त्याने दाब दिला आणि पंपावरच्या काट्याकडे बघत बसला. काटा हलला नाही, म्हणजे दाब कुठून सुटत नव्हता. नळ्या कोरड्या, पाणी फिरवणारा पंप कोरडा, सांधे कोरडे. तेलाची पट्टी काढून पाहिली, तेलात पाणी नव्हतं. इंजिन चालू करून मागे बसला, धूर पांढरा नव्हता.

"बाहेर नाही, तेलात नाही, धुरात नाही," तो म्हणाला. "मग हेडच, इंजिनचा वरचा भागच, उघडावा लागेल."

"तिन्हीकडे नाही म्हणता, मग हेड कशावरून?"

"ताई, जुन्या गाडीला शेवटी तेच निघतं. वय झालं हिचं."

"वय म्हणजे काही भोक नव्हे, काका. वयातून पाणी गळत नाही."

मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "बरं. हे गुलाबी पाणी घालून चार दिवस फिरवा. कुठे डाग दिसला तर या. नाही दिसला तर हेड उघडू."

चार दिवस थोरलीने माझी पाठ सोडली नाही. टाक्या उतरवून ठेवल्या. मला धुऊन, पुसून कोरडं केलं. ज्या फरशीवर मी उभी राहते ती घासून पुसली आणि तिच्यावर पुठ्ठे अंथरले. रोज पहाटे जवळपासच्या गावांतली हौदांची कामं करायला ती मला नेई, बाबा सोबत असत. परत आलो की ती पोटावर पडून माझ्या खाली बघे. पुठ्ठे कोरडे. आणि पाणी तरीही कमी.

"गाडी पिते की काय स्वतःच?" मामा म्हणाले. भंगारवाला येऊन मला बघून गेला. त्याने माझी चाकं वेगळी काढता येतील का, असं विचारलं. मी त्या वेळी उन्हात उभी होते तरी गार पडले.

शेवटच्या दिवशी आम्ही परत आलो. बाबा सावकाश उतरले. थोरली हौदाकडे गेली आहे असं बघून त्यांनी डाव्या पायाचा मोजा काढला, पिळला आणि माझ्या गरम बॉनेटवर वाळत घातला. हे ते रोज करायचे. मला ठाऊक होतं, कारण तो मोजा माझ्याच अंगावर वाळायचा. खिशात दुसरा मोजा असायचा, तो घालून ते घरात जायचे. पण त्या दिवशी थोरली पुठ्ठे काढायला माघारी फिरली.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. वाळत घातलाय."

"भिजला कशाने?"

"पायाखाली ओल असते. तू जा, तुझी कामं कर."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. तुम्ही हसलात."

थोरलीने मोजा उचलला. पांढऱ्या मोज्याचं टोक गुलाबी झालं होतं. तिने ते बोटांनी चोळलं. बुळबुळीत लागलं. वास घेतला. माशाचा नव्हता, किंचित गोडसर होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही हौदावर शेवटचे कधी गेलात?"

"हे गुडघे घेऊन? पावसाळ्याआधी गेलो असेन."

"तळ्यावर उतरता?"

"मला उतरवायला क्रेन लागेल."

"मग तुमचा पाय ओला होईलच कशाने?" एवढं बोलून ती तशीच माझ्या केबिनमध्ये शिरली. डाव्या बाजूची चटई उचलली. चटईखालचा जाड थर तिने मुठीत दाबला आणि बोटांमधून गुलाबी पाणी ओघळलं. उजव्या बाजूच्या थरातून, जिथे तिचे ओले गमबूट असायचे, निघालं ते साधं पाणी.

तासाभरात आम्ही मेकॅनिकच्या दारात होतो. थोरलीने मोजा त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे काय, ताई? तक्रारअर्ज?"

"बाबांचा मोजा. डाव्या पायाचा. दाब देऊन बघा परत. आणि या वेळी हीटरचं बटण उघडं ठेवून."

मित्रांनो, गंमत अशी होती. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातूनही फिरतं, पण बटण फिरवलं तरच. मेकॅनिकने भर दुपारी बटण बंद असताना तपासलं होतं. आणि माझ्यात हीटर लावणारं एकच माणूस होतं, तेही गार सकाळीच. मेकॅनिकने बटण फिरवलं, दाब दिला. काटा खाली येऊ लागला. डॅशबोर्डच्या पोटातून एक गुलाबी थेंब बाबांच्या जागेवर पडला, मग दुसरा.

"हेड उघडणार होतो मी," मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला. "मोज्याने वाचवलं."

"मोज्याने नाही," थोरली म्हणाली. "बाबांनी. आम्हीच ऐकलं नव्हतं."

मामांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "एवढंच ना? हीटरच्या नळ्या काढून एकमेकींना जोडून टाक. हीटर नसला म्हणून गाडी थांबत नाही."

"गाडी नाही थांबत," थोरली म्हणाली, "बाबांचे गुडघे थांबतात." तिने मेकॅनिकला सगळा डॅशबोर्ड उतरवायला लावला. काम किचकट होतं. तो दिवसभर कुरकुरला आणि दिवसभर राबला. छोटा रेडिएटर काढून त्याचं बारीक भोक झाळून बंद केलं, तो पाण्यात बुडवून हवा भरून पाहिली, एकही बुडबुडा निघाला नाही, मगच परत बसवला. चटईखालचा जुना थर काढून नवा घातला. भंगारवाल्याला निरोप गेला की येऊ नकोस.

मग मोठी खेप निघाली. दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या. गार सकाळ होती. बाबांनी बटणाकडे हात नेला आणि थोरलीकडे पाहिलं. "राहू दे का आज? उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"लावा," ती म्हणाली. "पूर्ण फिरवा."

गरम हवा सुरू झाली. घाट सुरू झाला. जिथे आम्ही थांबलो होतो ते वळण आलं. मी दात-ओठ खाऊन चढत होते. थोरलीची नजर काट्यावर, बाबांची नजर काट्यावर. काटा मधोमध उभा होता, जागचा हलला नाही. वळण मागे पडलं. मागे पंपाचा आवाज एकसारखा येत होता. बाबांनी वाकून, गुडघ्याला शिव्या देत, चपलेतला डावा पाय चाचपला.

"कसा आहे?" थोरलीने विचारलं.

"खडखडीत."

तळ्यावर गिऱ्हाइकाने टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणालं, "सगळी जिवंत आहेत की!" मग पुढच्या हंगामाचं बोलणं तिथेच, बाबांच्या खिडकीशी झालं.

मित्रांनो, माझ्यात रोज पाणी भरणारी माणसं मला वाईट वागवत नव्हती. पण भरत राहणं सोपं असतं. कुठे जातं ते शोधायला पोटावर पडावं लागतं, आणि ज्याचा पाय भिजतो त्याला विचारावं लागतं. तुमच्या घरी जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, आजोबा असतील. त्यांनी कुरकुर केली तर 'वय झालं' म्हणून मोकळे होऊ नका. हात लावून बघा.

परतताना टाक्या रिकाम्या होत्या आणि मी हलकी होते. बाबा एकदम म्हणाले, "माझ्या बाजूची काच वाजतेय बघ. टिकटिक टिकटिक."

थोरलीने मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं आणि त्यांच्या अंगावरून वाकून काचेला कान लावला.

"आता नाही वाजत," ती म्हणाली. "गाडी चालू असताना वाजते का? थांबा, चालू करते. तुम्ही बोट ठेवून दाखवा, कुठे ते."